जाळीचे दार : एका दुपारचे काम

कुंभकोणमच्या जुन्या वस्तीतले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. रस्त्याला लागून ओटा; त्याला तिकडे तिण्णै म्हणतात. आत लांबट सोपा, मधे आभाळाला उघडा चौक, मग स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे परसू व विहीर. पुढच्या दारात उभे राहिले की मागच्या दारापर्यंत थेट नजर जाते. घराची अशी रचना केली ती वाऱ्यासाठी. दोन्ही दारे उघडी असली की चैत्र-वैशाखातही घर राहण्याजोगे असते. मात्र वाऱ्याच्या वाटेने डासही येतात.

म्हणून या घराला पुढे आणि मागे जाळीची दारे आहेत. पैकी मागच्या दाराची जाळी खालच्या कोपऱ्यात फाटली आहे. आधी मांजराने नखे लावली, मग धाकट्या मुलाचा चेंडू लागला. भोक वीतभर झाले, तेव्हा त्यात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला गेला. सुतार ‘उद्या येतो’ म्हणून गेला, त्याला तीन महिने झाले. घरचे कर्ते पुरुष म्हणतात, पोंगलच्या सुमारास नवीन दारच करून घेऊ. बोळा मात्र रोज पडतो आणि रोज घरातली आजी तो पुन्हा जागेवर बसवते.

आजीचा डावा पाय गुडघ्याखाली खांबासारखा जाड आहे. तिच्या तरुणपणी सुरू झालेली ही सूज पुढे कधी ओसरली नाही. आजी पायाबद्दल फारसे बोलत नाही. संध्याकाळ झाली की तिचे एकच पालुपद असते, ‘‘अगं, दार लाव.’’ सूनबाई दार लावते. पण दार लावून उपयोग काय? कोपऱ्यातली वाट उघडीच असते.

एका शनिवारी सूनबाई ठरवते, हे दार आपणच दुरुस्त करायचे.

हे घर कल्पनेतले असले, तरी असे दार, असा बोळा आणि असा पाय त्या गावाने पुष्कळ पाहिले आहेत. घर मराठी बोलणाऱ्यांचे आहे असे समजायलाही हरकत नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठी राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. त्या राज्याबरोबर दक्षिणेत गेलेली मराठी कुटुंबे कुंभकोणमलाही वसली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमलाच अशा एका मराठी घरात झाला. तिकडची मराठी आपल्या कानाला थोडी वेगळी वाटते, इतकेच. डासाला मात्र तमिळमध्ये कोसू म्हणतात, आणि दुकानात जाळी मागायची ती त्याच नावाने.

पाय जड करणारा डास

कुंभकोणमच्या उत्तरेला कावेरी आणि दक्षिणेला अरसलार नदी आहे. गावात ठिकठिकाणी देवळांची तळी, भोवती भातशेती आणि पाटांचे जाळे. पाणी हे या गावाचे भाग्य. दर बारा वर्षांनी महामहम तलावावर भरणारा मेळा हा पाण्याचाच उत्सव आहे. पण गावाभोवती पाणी आणि गावात तुंबलेली गटारे असली, की क्यूलेक्स जातीच्या डासाचे फावते. हा डास घाण पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो. हत्तीरोगाचे बारीक जंतू एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या अंगात नेण्याचे काम हाच करतो. तमिळनाडूतल्या जुन्या पिढीला कुंभकोणमचे नाव काढले की देवळे आणि कॉफी यांच्याबरोबर हत्तीपायही आठवतो, तो यामुळे.

महाराष्ट्रातल्या वाचकांनीही हे परमुलखातले दुखणे समजू नये. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत हत्तीरोग पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा आहे.

या रोगाची एक चमत्कारिक सवय आहे. त्याचे जंतू दिवसा शरीराच्या आतल्या भागात दडून असतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, कातडीजवळच्या रक्तात येतात. नेमकी हीच डासाच्या जेवणाची वेळ. म्हणूनच हत्तीरोगाच्या पाहणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्री दारे ठोठावून बोटातून रक्ताचा थेंब घेत आले आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला आणि २००४ पासून लागण असलेल्या जिल्ह्यांत सर्वांना वर्षातून एकदा गोळ्या देण्याची मोहीम देशभर राबवली गेली. त्यामुळे नवे रोगी पुष्कळ कमी झाले. पण एकदा जाड झालेला पाय सहसा पूर्ववत होत नाही. तो रोज साबण-पाण्याने धुऊन कोरडा ठेवणे, बसताना उंचावर ठेवणे आणि जखम होऊ न देणे एवढेच हाती राहते.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की एका-दोन चाव्यांनी हत्तीपाय होत नाही. त्यासाठी महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चावे बसावे लागतात. याचा अर्थ रोज रात्री टळणारा प्रत्येक चावा मोलाचा आहे. जाळीचे दार तेच काम करते.

झोपडीत राहिलेले दोन डॉक्टर

जाळी लावल्याने खरोखर फरक पडतो का, अशी शंका घेणारे प्रत्येक घरात कुणीतरी असते. त्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे.

हत्तीरोगाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, हे पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८७७ साली चीनमधल्या अमॉय बंदरात पाहिले. वीस वर्षांनी, १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला मलेरियाचा जंतू डासात शोधला. तरीही लोकांना पटेना. दूषित हवेनेच हिवताप येतो, हा समज घट्ट होता. तेव्हा मॅन्सनने एक साधा प्रयोग मांडला. इटलीत रोमजवळच्या दलदलीच्या मुलखात एक लाकडी झोपडी उभारली आणि तिच्या दारा-खिडक्यांना बारीक तारेची जाळी ठोकली. १९०० सालच्या उन्हाळ्यापासून, म्हणजे ऐन तापाच्या दिवसांत, लुईजी सॅम्बन आणि जॉर्ज लो हे दोन डॉक्टर तिथे राहिले. दिवसभर ते बाहेर हिंडत. सूर्य मावळण्याआधी जाळीआड येत आणि उजाडेपर्यंत बाहेर पडत नसत. हवा तीच, पाणी तेच, क्विनाइनची गोळी नाही. आसपासचे लोक तापाने फणफणत असताना या दोघांना मलेरिया झाला नाही.

आणखी एक योगायोग. हत्तीरोगाचे जंतू डासाच्या सोंडेतून माणसात शिरतात, हेही याच जॉर्ज लो यांनी त्याच वर्षी दाखवून दिले. म्हणजे आजीच्या पायाचे कोडे सुटले ते आणि जाळीच्या दाराची ही परीक्षा झाली ती एकाच वर्षात, एकाच माणसाच्या हातून.

अलीकडचा पुरावाही आहे. आफ्रिकेतल्या गांबिया देशात घरांना जाळ्या बसवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. दारे-खिडक्यांना जाळी लावून छताखालच्या फटी बंद केलेल्या घरांत डासांची संख्या निम्म्याहून खाली आली आणि मुलांमधला रक्तक्षयही कमी आढळला.

तेव्हा जाळी उपयोगी आहे यात शंका नाही. फक्त ती धड हवी. फाटकी जाळी एका अर्थी जाळी नसण्याहून वाईट, कारण दार लावले म्हणून घरातली माणसे निर्धास्त झोपतात.

आधी दाराची तपासणी

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दार नीट पाहावे. संध्याकाळी घरातला दिवा मालवून दुसऱ्या कुणाला बाहेरून दारावर बॅटरी फिरवायला सांगावी. आत अंधारात उभे राहिले की जाळीतली लहान भोके आणि कडेच्या फटी चटकन दिसतात. तिथे खडूने खूण करावी. काडेपेटीतली काडी ज्या फटीतून जाते, तिथून डासही जातो, हे माप लक्षात ठेवावे.

सूनबाईने असे पाहिले तेव्हा कोपऱ्यातल्या मोठ्या भोकाखेरीज आणखी तीन बारीक भोके सापडली. शिवाय दाराखाली बोटभर फट होती. तिच्याकडे तर आजवर कुणाचे लक्षच गेले नव्हते. बोळा जागेवर असतानाही डास का येत, त्याचे उत्तर तिला तिथेच मिळाले.

बारीक भोके

तारेच्या जाळीत तारा नुसत्या सरकून भोक पडले असेल, तर दाभणाच्या टोकाने एकेक तार हलकेच मूळ जागी सरकवावी आणि तिथे रंगहीन नेलपॉलिशचा एक थेंब सोडावा. तो वाळला की तारा पुन्हा सरकत नाहीत.

तारा तुटून रुपयाएवढे भोक पडले असेल, तर ठिगळ लावावे. त्याच जातीच्या जाळीचा, भोकापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठा चौकोन कापावा. त्याच्या प्रत्येक कडेच्या तीन-चार तारा ओढून काढाव्या, म्हणजे कडेला सुट्या तारांची झालर तयार होते. ही झालर काटकोनात वाकवून ठिगळ भोकावर ठेवावे, तारांची टोके जाळीतून पलीकडे घालावी आणि मागून दुमडून दाबावी. न टाका, न डिंक, तरीही ठिगळ वर्षानुवर्षे टिकते. मागच्या बाजूने लाकडाचा ठोकळा धरला तर दुमडताना जाळीला पोक येत नाही.

फायबरच्या मऊ जाळीला मात्र शिवणच बरी. त्याच जाळीचा तुकडा ठेवून नायलॉनच्या बारीक दोऱ्याने कडेने जवळजवळ टाके घालावे. गोधडी शिवणाऱ्या हाताला हे अवघड नाही. साधा सुती दोरा घेऊ नये. पावसाळ्यात तो कुजतो.

भोक तळहाताहून मोठे असेल किंवा जाळी हाताला ठिसूळ लागत असेल, तर ठिगळाच्या नादी न लागता सगळी जाळी बदलावी.

कोणती जाळी घ्यावी

दुकानात ‘डासांची जाळी’ म्हटले की पाच-सहा प्रकार समोर येतात. पहिली गोष्ट पाहायची ती विणीची. इंचाला सोळा ते अठरा तारा असलेली जाळी डास अडवते आणि वाराही येऊ देते. याहून विरळ जाळी माशा अडवील, डास नाही. फार दाट घेतली तर वारा अडतो, आणि मग घरातलेच कुणीतरी उकडते म्हणून दार सताड उघडे ठेवते.

दुसरी गोष्ट जातीची. जस्त चढवलेली लोखंडी जाळी स्वस्त असते. पण जस्त उडाले की गंजते. कोकणात आणि समुद्राकाठी तर ती फार लवकर जाते. स्टेनलेस स्टीलची जाळी महाग पडते. पण उंदीर, मांजर आणि मुले या तिघांनाही पुरून उरते. फायबरची जाळी गंजत नाही, कापायला व बसवायला सोपी असते आणि स्वस्तही असते. परंतु नखांपुढे आणि उंदराच्या दातांपुढे तिचे काही चालत नाही. घरात मांजर असेल तर दाराच्या खालच्या अर्ध्या भागाला स्टीलची आणि वर फायबरची, अशी विभागणी करता येते. मात्र दाराला मधे आडवी पट्टी हवी.

जाळी घेताना प्रत्येक बाजूने दोन इंच जास्त धरूनच माप द्यावे. पुढे बसवताना ती दोन इंचच हातात धरायला उपयोगी पडतात.

लाकडी दाराची जाळी बदलताना

जुन्या घरांतली बहुतेक दारे लाकडी फ्रेमची असतात. जाळी फ्रेमवर ठोकलेली असते आणि कडेला लाकडी पट्टी असते. त्यासाठी हातोडी, पक्कड, पटाशी किंवा जुना पेचकस, पत्रा कापायची कात्री, पाऊण इंची चुका, काचकागद आणि थोडी लांबी एवढे सामान पुरते. तारांची टोके बोटांत घुसतात, म्हणून हातमोजे किंवा जाड फडके जवळ ठेवावे.

दार बिजागऱ्यांवरून उतरवून ओट्यावर किंवा दोन स्टुलांवर आडवे ठेवावे. उभ्या दारावर जाळी ताणून बसत नाही. दार उतरवण्याचा आळस केला की पुढे पोक येते. पट्टी काढताना पटाशी पट्टीच्या मधोमध घालून हळूहळू उचलावे, टोकापासून उचकटू नये. टोके तुटतात. प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलीने ‘वर’, ‘खाली’, ‘डावी’, ‘उजवी’ असे लिहून ठेवावे. चारही पट्ट्या सारख्याच दिसतात, पण एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

जुन्या चुका पकडीने उपटून काढाव्या. एकही आत राहू देऊ नये, नाहीतर नवी जाळी तिथे उंच राहते. भोकांत लांबी भरावी, ती वाळल्यावर काचकागद मारावा आणि रंगाचा एक हात द्यावा. उघडे लाकूड पावसात पाणी पिते. रंग पूर्ण वाळेपर्यंत जाळी लावू नये.

आता मुख्य काम. जाळी फ्रेमवर अशी पसरावी, की तिच्या तारा दाराच्या कडांना समांतर राहतील. वरच्या कडेला जाळी अर्धा इंच आत दुमडून दुहेरी करावी. पहिली चूक वरच्या पट्टीच्या मधोमध ठोकावी आणि तिथून दोन्हीकडे दोन-दोन इंचांवर ठोकत कोपऱ्यांकडे जावे. मग दुसऱ्या कुणाला तरी खालून जाळी सारख्या ताणाने धरायला सांगावे आणि खालची बाजूही मध्यापासून सुरुवात करून ठोकावी. शेवटी दोन्ही उभ्या बाजू तशाच. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर सगळा फुगवटा समोरच्या कोपऱ्यात जमतो आणि मग तो काही केल्या जात नाही. या कामातली नव्वद टक्के निराशा या एका चुकीतून येते.

सूनबाईचीही पहिली बाजू अशीच बिघडली. सहा चुका उपटून तिला पुन्हा मधून सुरुवात करावी लागली. दुसऱ्या टोकाला जाळी धरायला मात्र आजी आपणहून पुढे सरकली. दोन्ही हातांनी कड घट्ट धरून म्हणाली, ‘‘सावकाश ठोक, मी सोडत नाही.’’

शेवटी पट्ट्या आपापल्या जागी बसवून नव्या चुका ठोकाव्या. त्या जुन्या भोकांत नव्हे, बाजूला. पट्टीबाहेर आलेली जाळी कात्रीने कापावी. तारांची टोके बाहेर राहू देऊ नयेत. मुलांचे कपडे आणि पदर त्यांत हमखास अडकतात.

अ‍ॅल्युमिनियमच्या दाराची जाळी

फ्लॅटमधली दारे आता बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असतात. त्यांत चुका नसतात. फ्रेमला आतून एक खाच असते, तिच्यात जाळीची कड घालून वरून रबराची दोरी दाबलेली असते. जाळी सुटली असेल तर बहुतेक वेळा दोष जाळीचा नसून वाळून आखडलेल्या या रबराचा असतो. म्हणून आधी रबर तपासावे. जाळी धड असेल तर नुसते रबर बदलूनही काम भागते.

कोपऱ्यातून पेचकसाने रबराचे टोक उचलले की सगळी दोरी एका ओढीत निघते. तिचा बोटभर तुकडा नमुना म्हणून दुकानात न्यावा, कारण जाडी थोडी जरी चुकली तरी ती एकतर बसत नाही किंवा बसून निसटते. खाचेतली माती जुन्या दातांच्या ब्रशने काढून टाकावी. नवी जाळी पसरून एका कोपऱ्यापासून रबर खाचेत दाबत जावे. त्यासाठी लहान चाकाचे हत्यार मिळते. ते नसेल तर चमच्याच्या गोल दांड्यानेही हे काम होते. पेचकसाचे टोक मात्र वापरू नये, जाळी कापली जाते.

इथे जाळी फार ओढायची नाही. लाकडी दाराला ताण लागतो. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम मात्र ताणाने मधे आत ओढली जाते आणि मग दार चौकटीत बसत नाही. रबर खाचेत बसतानाच जाळी पुरेशी ताणली जाते. चारही बाजू झाल्या की धारदार ब्लेडने रबराच्या बाहेरच्या कडेने जादा जाळी कापावी.

घडीची जाळी आणि फिरते घर

पंख्याच्या घडीसारखी मिटणारी जाळी आता अनेक नव्या घरांत दिसते. झोपण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांच्या दारालाही पुष्कळदा अशीच जाळी असते. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशी फिरती घरे आपल्या ओळखीची होऊ लागली आहेत. पुढचा महामहम २०२८ मध्ये आहे. त्या वेळी कुणी अशा गाडीतून कुंभकोणमला गेले आणि रात्री तळ्याकाठी मुक्काम केला, तर दाराची जाळी धड असणे किती गरजेचे आहे, हे पहिल्याच रात्री कळेल.

या जाळीत घड्यांमधून आडव्या दोऱ्या ओवलेल्या असतात. घड्या सरळ ठेवण्याचे आणि ताण धरण्याचे काम त्याच करतात. जाळी लोंबू लागली किंवा तिरकी सरकू लागली, की दहापैकी नऊ वेळा दोरी तुटलेली किंवा सैल झालेली असते. जाळी फेकून देण्याची गरज नसते. उघडण्यापूर्वी दोरी कुठून कुठे जाते याचा फोटो काढावा किंवा कागदावर आकृती काढावी. तेवढ्याच जाडीची पॉलिएस्टरची दोरी आणून एकेक जुनी दोरी काढत तिच्याच वाटेने नवी ओवावी. सगळ्या एकदम काढल्या की वाट हरवते. सर्व दोऱ्यांना सारखाच ताण देऊन गाठ मारावी.

नळीत गुंडाळली जाणारी जाळी असेल, तर नळीत जोरदार स्प्रिंग असते, हे विसरू नये. झाकण काढताना नळी हाताने घट्ट धरावी, स्प्रिंगला किती वेढे आहेत ते मोजावे आणि परत तेवढेच द्यावे. हात सुटला तर स्प्रिंग सर्रकन उलगडते आणि बोटांना लागते.

फटी आणि बिजागऱ्या

जाळी नवी झाली म्हणजे दार झाले असे नाही. डास जाळीशी झटापट करत बसत नाही, तो फट शोधतो.

दाराखालच्या फटीला रबराची पट्टी किंवा ब्रशाची पट्टी स्क्रूने बसवावी. चौकटीला लागणाऱ्या कडांवर फोमची चिकटपट्टी लावली तर दार मिटताना आवाजही होत नाही. दार एका बाजूने लोंबत असेल तर वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहावे. भोक मोठे होऊन स्क्रू नुसता फिरत असेल, तर काडेपेटीच्या दोन-तीन काड्यांचे गूल काढून टाकावे, काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकाव्या आणि वाळल्यावर त्यांतच स्क्रू पिळावा. दार उचलले जाते.

आणि एक स्प्रिंग जरूर लावावी, म्हणजे दार आपोआप मिटेल. मुले दार लावतील या भरवशावर कोणतीही जाळी काम करत नाही.

केव्हा करावे, काय लक्षात ठेवावे

महाराष्ट्रात हे काम मे महिन्यात, पावसापूर्वी उरकावे. कुंभकोणमला मोठा पाऊस आपल्या दिवाळीच्या आगेमागे, ऑक्टोबर ते डिसेंबर असा येतो, म्हणून तिथे सप्टेंबरची अखेर हा योग्य मुहूर्त.

जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडावी आणि साबणाच्या पाण्याने पुसावी. धुळीने बुजलेल्या जाळीतून वारा येत नाही.

जाळीचे दार दिवसाही लावलेले असावे. हत्तीरोगाचा डास रात्री चावतो हे खरे, पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून पिंप, टाकी आणि विहीर झाकणे, कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा कोरड्या करणे आणि परसातले सांडपाणी वाहते ठेवणे, ही कामे जाळीने टळत नाहीत. आपल्या जिल्ह्यात हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली, तर अंगात काही लक्षण नसले तरी कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्या. लहान बालके, गर्भवती आणि गंभीर आजारी यांना त्या दिल्या जात नाहीत.

कुंभकोणमच्या घराघरांत पितळी फिल्टरमधून कॉफी उतरते. चाळणीला एक भोक मोठे पडले की कॉफीत गाळ येतो आणि फिल्टर ताबडतोब बदलला जातो. त्यासाठी कुणी तीन महिने थांबत नाही. जाळीच्या दाराकडेही त्याच नजरेने पाहायला हवे.

शनिवारी दुपारी दोनला उतरवलेले दार साडेपाचला पुन्हा बिजागऱ्यांवर चढले. एका बाजूला जाळी किंचित तिरकी राहिली आहे, ते सूनबाईला ठाऊक आहे. एक बोटही सोलवटले आहे. दिवेलागणीला आजी नेहमीच्या सवयीने बोळा बसवायला मागच्या दाराशी गेली. वाकून तिने कोपरा चाचपला, मग दाराखालची फट चाचपली. बोळ्याचे फडके तिने घडी करून पोतेऱ्यात टाकले आणि परत येऊन जागेवर बसली. त्या संध्याकाळी ‘दार लाव’ असे ती कुणाला म्हणाली नाही. नवी स्प्रिंग दार आपणच लावत होती.